भर दुपारच्या भुताचं पोस्टर

विद्यार्थ्यांनी केलेला भयपटाचा टीझर पहिल्या तीन सेकंदांत ओळखू येतो: अंधार, करकरणारं दार, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड. त्यात गैर काही नाही. गडबड होते ती टीममधलं कुणीतरी "आपण जरा वेगळं करू या" म्हणतं तेव्हा. मग एकाच दमात प्रकाश, संगीत, कथेचा क्रम, टायटलचं अक्षर, पोस्टरचा रंग असं सगळंच बदललं जातं. बघणाऱ्याला तो भयपटच वाटत नाही, आणि तो भयपट न वाटल्यामुळे त्यात काय मोडलंय हेही कळत नाही. म्हणून आम्ही एकच अट घालून घेतली. मोडायचा संकेत, म्हणजे त्या प्रकाराची ठरलेली रीत, एकच; बाकीचे सगळे काटेकोर पाळायचे.

काम तीन तुकड्यांचं होतं: साधारण एका मिनिटाचा टीझर, एक छापील पोस्टर आणि मोबाइलसाठी उभं मोशन पोस्टर, म्हणजे हलतं पोस्टर. या प्रकारच्या संचाची घडण ब्रिटनमधल्या ए-लेव्हल (आपल्या अकरावी-बारावीच्या पातळीच्या) मीडिया स्टडीजच्या जुन्या अभ्यासक्रमातून अनेकांच्या ओळखीची आहे. तिथे टीझरच्या जोडीला पोस्टर, सिनेमासिकाचं मुखपृष्ठ किंवा वेबसाइटचं पहिलं पान असायचं, आणि शेवटी प्रश्न यायचा की तुम्ही खऱ्या माध्यमकृतींचे संकेत कुठे वापरले, कुठे पुढे नेले, कुठे आव्हान दिलं. आपल्याकडच्या मास मीडियाच्या वर्गातही प्रकल्प बहुतेक याच वळणाचा असतो. सिनेमा अस्तित्वातच नसतो, त्याची जाहिरात मात्र करायची असते.

ही न बनलेल्या सिनेमाची अडचण सगळ्यांत मोठी, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. खऱ्या ट्रेलरमागे दीड-दोन तासांचा ऐवज असतो. त्यातून निवडलेल्या शॉट्समध्ये दिवस बदलतात, कपडे बदलतात, जागा बदलतात. विद्यार्थी एका घरात, एका दिवशी, एकाच कुर्त्यात शूट करतात आणि नंतर कितीही झटपट कापलं तरी ते ट्रेलर दिसत नाही, शॉर्टफिल्मचा तुकडा दिसतो. म्हणून शॉटलिस्टच्या आधी 'न बनलेल्या सिनेमाचा' एका पानाचा आराखडा लागतो. मुख्य पात्राला किमान तीन वेश, चार वेगळ्या जागा, दिवसाच्या तीन वेळा, आणि कथेशी थेट संबंध नसलेले दोन-तीन शॉट्स: एसटीतून उतरणं, देवळाच्या पायऱ्या, कुणाचा तरी फोन. हे शॉट्स टीझरमध्ये एकेक सेकंद दिसतात, पण मागे अख्खा सिनेमा असल्याचा भास तेच निर्माण करतात.

अभ्यासाचा टप्पा कंटाळवाणा आहे, तरी टाळू नये. त्याच प्रकारच्या आठ-दहा ट्रेलरांचा शॉटवार तक्ता करायचा. रकाने पाच पुरे: टाइमकोड (शॉट कितव्या सेकंदाला येतो), शॉटचा आकार, प्रकाश, आवाज, पडद्यावरचा मजकूर. पोस्टरांसाठी पंधरा-वीस चित्रं एका पानावर छोटी करून लावायची आणि ते पान कृष्णधवल करून बघायचं. रंग गेला की रचना उघडी पडते: चेहरा कुठे, मोकळी जागा किती, नाव वर की खाली. भयपटांच्या पानावर काळा तीन चतुर्थांश भरतो, हे वेगळं सांगायला लागत नाही.

तक्ता हातात आल्यावर संकेतांचे तीन ढीग होतात. पहिला ढीग प्रकार सांगणारा: अंधार, एकटं पात्र, शांततेनंतरचा दणका, आणि आपल्याकडे वाडा, विहीर, अमावास्या, पांढरी साडी, मोकळे केस. दुसरा ढीग 'ही सिनेमाची जाहिरात आहे' एवढंच सांगणारा: सुरुवातीचं निर्मितीचिन्ह, टायटल, टॅगलाइन, तारखेची पाटी, पोस्टरच्या तळाशी श्रेयनामांची दाटी. तिसऱ्यात निव्वळ सवयी येतात, म्हणजे आरशात मागे दिसणारी आकृती, फरशीवर फिरणारा चेंडू वगैरे. आमचं स्पष्ट मत आहे की विद्यार्थ्यांनी दुसऱ्या ढिगाला हात लावू नये. खऱ्या निर्मात्याला टायटल न दाखवण्याची चैन परवडते, कारण लोक त्याला ओळखतात. विद्यार्थ्याने टायटल गाळलं तर तो विसरला असंच लोक धरतात. तिसरा ढीग टाकून दिला तरी कुणाला पत्ता लागत नाही, त्यामुळे त्यातलं काही टाळून "आम्ही संकेत मोडला" असं लिहिण्यात अर्थ नाही. खरं आव्हान पहिल्या ढिगालाच देता येतं. प्रकारात पुनरावृत्ती आणि फरक दोन्ही लागतात, ही स्टीव्ह नील या ब्रिटिश अभ्यासकाची मांडणी. विद्यार्थी फरकाच्या मागे धावतात आणि पुनरावृत्ती उरतच नाही.

आम्ही पहिल्या ढिगातून अंधार काढला. पर्याय बाहेरून आणावा लागला नाही. भर दुपारी विहिरीवर जाऊ नये, टळटळीत उन्हात पिंपळाखाली थांबू नये, हे कोकणात आणि देशावरही घराघरांत सांगितलं जातं. भीतीची ती वेळ लोकांच्या मनात आधीच आहे, पडद्यावर मात्र कमी येते. टीझरचं नाव 'साडेबारा' ठेवलं त्यालाही कारण आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. पुणे, मुंबई, रत्नागिरी त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहेत, त्यामुळे मे महिन्यात सूर्य खरा डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, घड्याळात बारा वाजता नाही.

इथे कॅलेंडर आडवं येतं. प्रकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये जमा करायचा असतो, म्हणून शूट डिसेंबरात ठरतं. डिसेंबरात पुण्याला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. तो प्रकाश सुंदर दिसतो, पण कोवळा दिसतो. भर दुपार वाटत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सावंतवाडी ते मुंबई या पट्ट्यात शून्य सावलीचा दिवस येतो, गावागणिक तारीख पुढे सरकते. त्या आठवड्यात अंगणातल्या खांबाची सावली अक्षरशः त्याच्या बुंध्यात शिरते, कुठलाही स्पेशल इफेक्ट लागत नाही. दुसऱ्यांदा तोच योग जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा आभाळ दगा देतं. ज्यांना डिसेंबरशिवाय गत्यंतर नाही त्यांनी जमीन चौकटीबाहेर ठेवावी, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि वाइड शॉट फक्त भिंतीकडे तोंड करून घ्यावा.

सावली आखडत जाण्याचा टाइमलॅप्स दर दहा सेकंदांना एक फ्रेम असा घेतला तर तासाभरात ३६० फ्रेम मिळतात, म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर १४.४ सेकंद. टीझरला तीन सेकंद पुरतात, पण वेग वाढवायला माल हाताशी असलेला बरा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल. एक जरी ऑटोवर राहिलं तरी ढगाचा तुकडा गेला की चित्र फडफडतं. ट्रायपॉडच्या पायांवर दगड ठेवावेत. उन्हात मऊ झालेल्या डांबरावर किंवा ओल्या मातीवर पाय तासाभरात खचतात.

उन्हातल्या शूटिंगचं गणित अंधारातल्या शूटिंगइतकंच कठीण आहे, फक्त उलट्या बाजूने. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१०० सेकंद ठेवलं तर कडक उन्हात एफ १६, म्हणजे लेन्सचं अगदी बारीक छिद्र, लागतो. सिनेमासारखी हालचाल हवी तर २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचं, आणि पार्श्वभूमी थोडी धूसर हवी तर एफ ४. हिशेब केला की पाच स्टॉप प्रकाश जास्त होतो (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे प्रकाश कापणारा एनडी ३२ फिल्टर लागतो. फोनची लेन्स एफ १.८ च्या आसपास पक्की असते, तिथे सात स्टॉपांहून जास्त कापावे लागतात. फिल्टर नसला की फोन शटर १/२००० च्याही पुढे नेतो आणि चालणारा माणूस तुटक दिसतो. ही तुटक हालचाल भुताच्या शॉट्ससाठी मुद्दाम ठेवली आणि बाकीचे शॉट फिल्टर लावून घेतले, तर दोन जगं आपोआप वेगळी होतात. घरातल्या शॉट्सना शटर १/५० किंवा १/१००च. १/६० वर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पट्ट्या मारतात, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. फोनचं फुटेज बदलत्या फ्रेमरेटचं असतं, त्यामुळे एडिटला घेण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून ठरावीक २५ फ्रेमवर काढून घ्यावं. नाहीतर शेवटाकडे आवाज ओठांच्या मागे पडतो.

डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. एरवी खालून थर्माकोल धरून त्या उजळतात. आम्ही थर्माकोल बाजूला ठेवला आणि चेहऱ्याच्या एका बाजूला काळं कापड धरलं. भयपटाच्या अंधारातून फक्त डोळ्यांपुरता अंधार असा शिल्लक राहिला, आणि पोस्टरलाही तोच उपयोगी पडला.

आता खरा धोका. लाल कौलांचं घर, अंगण, तुळशीवृंदावन आणि लख्ख ऊन: आवाज बंद करून बघितलं तर हे कौटुंबिक सिनेमाचं किंवा पर्यटनाच्या जाहिरातीचं चित्र आहे. याची खात्री करायला पाच सेकंदांची चाचणी पुरते. दुसऱ्या विभागातल्या मुलांना पहिले पाच सेकंद आधी मुके, मग फक्त आवाज, मग दोन्ही मिळून दाखवायचे आणि एकच प्रश्न विचारायचा: "कुठल्या प्रकारचा सिनेमा?" "आवडलं का?" हे विचारू नये, मित्र होच म्हणतात. मुकं चित्र कौटुंबिक वाटलं तर हरकत नाही, तेच तर मोडलंय. पण नुसता आवाज ऐकून कुणी भयपट म्हणत नसेल तर टीझर उभा राहणार नाही. प्रकाशाने सोडून दिलेलं काम आवाजालाच करावं लागतं.

म्हणून आवाजात कुठलाही प्रयोग नको. तिथे जुनीच चाल: आधी सगळा परिसर, मग सगळं गप्प, मग दणका. आम्ही रातकिड्यांच्या जागी दुपारचे आवाज घेतले. होला, लांबचा पंप, कढईत पडलेलं उलथनं, पंख्याची कुरकुर. हे सगळे थर वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून एकेक करून बंद करायचे, एकदम नाही, शेवटचा पंखा. संपूर्ण शून्य मात्र ठेवू नये, बघणाऱ्याला हेडफोन तुटला असं वाटतं. खोलीचा रिकामा आवाज, लोकेशनवर अर्धा मिनिट सगळ्यांना स्तब्ध उभं करून रेकॉर्ड केलेला, तळाशी राहू द्यावा.

टीझरचा सांगाडा भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाने दिला. अर्ध्या तासाला टोला देणारं घड्याळ साडेबाराला एक टोला देतं, एक वाजता एक आणि दीड वाजताही एकच. घरात वेळ सरकतच नाही असं वाटायला याहून जास्त काही लागत नाही. तीन एकेरी टोल्यांवर टीझरचे तीन भाग पाडले. पहिला भाग बावीस सेकंदांचा, सात-आठ लांब शॉट. दुसरा चोवीस सेकंदांचा, चौदा-पंधरा शॉट. तिसरा बारा सेकंदांचा, त्यात दहा ते चौदा फ्रेमचे पंचवीसेक शॉट. मग चार सेकंद टायटल, टायटलनंतर दोन सेकंदांचा एक शेवटचा धक्का, दोन सेकंद तारीख. एकूण ६६ सेकंद. ही चढती गती ठरलेल्या साच्यातली आहे, आणि ती तशीच असावी. तिसऱ्या भागासाठी पंचवीस शॉट जमा होणं हीच बहुतेक टीमची अडचण असते. माल कमी पडला की एडिट आपोआप संथ होतो आणि अहवालात "आम्ही संथ लय ठेवून संकेताला आव्हान दिलं" असं वाक्य येतं. तपासणाऱ्यांना ते लगेच कळतं.

लाउडनेससाठी एक आकडा लक्षात ठेवावा. यूट्यूब उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) वर गेलेला आवाज खाली ओढतं, खालचा वर उचलत नाही. दणका मोठा वाटावा म्हणून सगळंच वर ढकललं की सगळंच खाली येतं आणि दणका चपटा होतो. शांत भाग खरोखर शांत ठेवून दणक्याचं शिखर उणे १ डीबीच्या आत ठेवावं. संगीत यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सचं घेतलं तर परवान्याची अट वाचावी. नामोल्लेख मागणाऱ्या परवान्यात तो शेवटच्या पाटीवर द्यावाच लागतो.

टायटलच्या अक्षरापाशी परक्या संकेतांची आणि आपल्या लिपीची खरी टक्कर होते. रोमन लिपीतल्या थरारपटांचं ठरलेलं रूप म्हणजे बारीक, लांब-लांब सुटी अक्षरं, हळूहळू आणखी सुटत जाणारी. देवनागरीत अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नाव अक्षरांचे तुकडे होऊन पडतं. काही जण त्यावर उपाय म्हणून शिरोरेषाच उडवतात. पण भ आणि म, ध आणि घ यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेच्या तुटण्यात आहे. ती गेली की भय, भूत, भीती हे भयपटाचे हक्काचे शब्दच आधी अडखळतात. 'साडेबारा' मध्ये तसा धोका नाही, तरी आम्ही शिरोरेषा ठेवली आणि ताणली ती तीच: अक्षरं जागच्या जागी, फक्त रेषा दोन्ही बाजूंना हळूहळू चौकटीबाहेर जाते. सुटत जाण्याचा परिणाम तोच, नाव वाचता येतं.

सॉफ्टवेअरही इथे छळतं. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाणं किंवा जोडाक्षरात पाय मोडलेला दिसणं ही चुकीच्या टेक्स्ट इंजिनची खूण. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये साउथ एशियन अँड मिडल इस्टर्न हा पर्याय निवडावा, जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये तसाच पर्याय असतो. तरीही नाही जमलं तर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टायटल करून पारदर्शक पीएनजी म्हणून टाइमलाइनवर ठेवावं. फार डोकं लावू नये.

पोस्टर ए३, ३०० डीपीआय, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, शिवाय चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जास्तीची कड. जमीन जवळजवळ पांढरी, मध्ये अंगण, त्यात उभी बाई. बादली, खांब, वृंदावन सगळ्यांच्या सावल्या लांब, तिची नाही. हा फोटो सकाळी नऊच्या उन्हात काढून तिची सावली फोटोशॉपमध्ये पुसली. पावलांखालची बोटभर गडद कड मात्र ठेवावी लागते. तीही पुसली की बाई तरंगते आणि चूक कटिंगची वाटते. मोकळी जागा, एकटी आकृती, एका ओळीची टॅगलाइन, तळाशी श्रेयनामं हे सगळं भयपटाच्या पोस्टरच्या रीतीप्रमाणे. पांढऱ्या पोस्टरवर लाल टायटल टाकायचा मोह आवरला, कारण पांढऱ्यावर लाल म्हणजे प्रेमकथा. टायटल काळं. नसलेली सावली लहान आकारात दिसत नाही, म्हणून नजर तिकडे नेण्याचं काम टॅगलाइनकडे दिलं: 'सावली आहे तोवर घरात या.'

श्रेयनामांची दाटी रोमनमध्ये अतिअरुंद अक्षरांत बसते. देवनागरी अक्षर सॉफ्टवेअरमध्ये आडवं दाबलं तर उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेषा जाडच राहते, ओळ रांगोळीच्या रेघेसारखी दिसते. नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये कंडेन्स्ड आणि एक्स्ट्रा कंडेन्स्ड अशी अरुंद रूपं मुळातच घडवलेली आहेत, ती वापरावीत. ओळींतलं अंतर अक्षराच्या सव्वापटीहून कमी नको, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो. या ओळी फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १०० टक्के आणि बाकी शाया शून्य; चार शायांचा काळा वापरला आणि छपाईत केसभर सरकलं की बारीक अक्षर पुसट होतं. फिकट पिवळी छटाही जपून वापरावी. पाच टक्क्यांखालची शाई डिजिटल मशिनवर ठिपक्यांत फुटते. छापखान्यात फाइल बहुधा कोरलड्रॉमध्ये उघडतात, तेव्हा पीडीएफ देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत, बदलून द्यावीत, आणि आधी ए४ वर एक नमुना काढून घ्यावा.

प्रमाणपत्राबद्दल दोन शब्द. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून खऱ्या ट्रेलरच्या सुरुवातीला ते दिसतं. वर्गातल्या कामावर इंटरनेटवरून उचललेलं प्रमाणपत्र डकवणं म्हणजे संकेत पाळणं नव्हे, ते बनावट कागद दाखवणं आहे. प्रसिद्ध निर्मितीसंस्थांच्या चिन्हांचंही तेच. स्वतःचं साधं चिन्ह तीन सेकंद दाखवलं तरी दुसऱ्या ढिगाची गरज भागते.

उभं मोशन पोस्टर १०८० बाय १९२०, आठ-दहा सेकंदांचं. पोस्टरचेच थर वेगळे करून फक्त सावल्या हलवल्या: सगळ्यांच्या आखडतात, तिची मुळात नाहीच. वर आणि खाली साधारण अडीचशे-तीनशे पिक्सेल मोकळे सोडावेत, तिथे ॲपची बटणं येतात.

अहवाल लिहिताना विशेषणं टाळून चौकटी द्याव्यात. डावीकडे अभ्यासातल्या ट्रेलरची फ्रेम टाइमकोडसह, उजवीकडे आपली. खाली एकाच वाक्यात काय ठेवलं आणि काय बदललं. पाच सेकंदांच्या चाचणीची उत्तरं जशीच्या तशी जोडावीत, उलटी आलेलीही. ज्या बदलासाठी डावीकडे ठेवायला फ्रेमच सापडत नाही, तो अहवालातून काढून टाकावा.